लादीआधी बाटल्या बघणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

महाप्याची आमची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या फरश्यांसाठी फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही पावसापाण्याचं काढता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. एमआयडीसीत नवी लॅब उभारणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

इंटिरियरवाल्यांनी सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या सुचवल्या होत्या. नुसत्या सोसायटीतल्या ओळखीवर तुम्ही ठाण्याहून आलात आणि कॅटलॉग न उघडता रसायनांची यादी मागितलीत. "इथं सांडणार काय, आणि पुसणार कोण?" हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता.

जुन्या कोट्याच्या तुकड्यावर तुम्ही आम्हाला हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायला लावलेत. दगड फसफसला. कोटा म्हणजे चुनखडीच, हे आम्ही केमिस्ट्रीवाले पुस्तकातून जाणतो. पायाखालच्या फरशीशी ते जोडलं तुम्ही. लाद्या आम्लाला बऱ्यापैकी टिकतात, पण सांध्यातलं सिमेंट टिकत नाही, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तर लादीलाही खातं. व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या फरशीच्या) नमुन्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा ठेवला, तर नमुनाच मऊ पडला. साधा इपॉक्सी, म्हणजे जमिनीवर ओतायचा राळेचा लेप, तोही डायक्लोरोमिथेन या द्रावकापुढे हात टेकतो. सगळ्याला पुरून उरेल अशी फरशी नसते, हे तिथंच कळलं.

म्हणून खोल्या वेगळ्या केल्या. तीव्र आम्लांच्या खोलीत नोव्होलॅक इपॉक्सी (आम्लांना जास्त टिकणारा प्रकार), भिंतीशी वाटा म्हणजे गोलाई मारून चार इंच वर चढवलेला, म्हणजे कोपऱ्यात काही साचायला नको. उपकरणांच्या खोलीत स्थिर वीज निचरणारं व्हिनाइल, खाली तांब्याची पट्टी, ती अर्थिंगला जोडलेली. रोध दहा लाख ते शंभर कोटी ओहमच्या मध्ये हवा, हे मी स्पेसिफिकेशनमध्ये वाचलं होतं. पण तो फार कमी झाला तर माणसालाच शॉकचा धोका, हे इलेक्ट्रिशियनला बसवून समजावलंत तुम्ही.

आणि आमच्या सफाईच्या मावशी! त्यांनाच तुम्ही विचारलंत, ओल्या चपलांनी कुठं घसरायला होतं म्हणून. त्यांनी सिंकपुढची जागा दाखवली. तिथं फार खरखरीत पृष्ठ घेतलं तर पोछा अडकतो आणि मळ बसतो, असंही त्याच म्हणाल्या. आर१० या मध्यम खरखरीत, न घसरणाऱ्या श्रेणीवर एकमत झालं. साहेबलोकांच्या मीटिंगमध्ये हे निघालं नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट आषाढातली. ठेकेदाराला काम उरकायचं होतं. तुम्ही स्लॅबवर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवलात. सकाळी खालून दव धरलं होतं. वरून कोरडा दिसणारा कोबा आतून ओला. त्यावर इपॉक्सी टाकला असता तर फुगे येऊन पापुद्रे सुटले असते. ठेकेदार कुरकुरला, आमचे संचालकही. तारीख पुढे गेली ती तुमच्या शब्दाखातर.

आता एक विनंती. वॉशिंग एरियात नाल्याकडे दिलेला उतार मला पुरेसा वाटत नाही. पाणी एका कडेला रेंगाळतं. गणपती झाले की ऐरोलीमार्गे या, लेव्हल ट्यूब मी आणून ठेवतो. काकूंना नमस्कार.

आपला,
लॅब इन्चार्ज