तीन तारा

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो
21 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

उद्या घट बसतील. आई, परडीत माती भरून झाली असेल, धान्य भिजत पडलं असेल. नऊ दिवस उपास करणार हे मला माहीत आहे. कर, पण बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

फोनवर हा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि बाबा कोल्हापूरच्या पावसाबद्दल बोलायला लागतात, म्हणून सगळं लिहूनच काढते. ऑक्टोबरच्या मध्यावर मी पुन्हा शिकारीला जाणार आहे. जागा मागच्या वर्षीचीच, फ्लॅट टॉप्सचं रान. सोबत शेजारच्या बाई. पाच दिवस. 19 तारखेला परत, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी घरी असेन.

मागच्या वर्षीची ती रात्र तुम्ही विसरला नाहीत आणि मीही विसरले नाही. पण त्या रात्री इकडे काय चाललं होतं, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. रविवारी रात्री फोन करते म्हणून निघाले होते. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास बाईंनी एल्कची मादी टिपली. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर; मादीसुद्धा सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. इथला कायदा असा, की मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचं नाही. कायदा नसता तरी आम्ही टाकलं नसतं. सोलून, फरे आणि मांड्या वेगळ्या करून, कापडी पिशव्यांत भरून झाडाला टांगेपर्यंत किट्ट अंधार झाला. त्या रानात गाडी तर सोडाच, हातगाडीही न्यायला बंदी आहे. सगळं पाठीवरून आणायचं. रविवारी पहाटे बर्फ सुरू झाला, पायवाट दिसेना. मग आम्ही निम्मं ओझं खाली आणलं, रात्र तंबूत काढली आणि सोमवारी उरलेलं आणलं. दमलो होतो, पण धडधाकट होतो. रात्री विस्तवावर कलेजी भाजून खाल्ली, त्या वेळी तुम्ही दोघं अन्नाला शिवलाही नव्हतात.

सोमवारी संध्याकाळी डोंगर उतरून पहिल्या गावाशी आलो, फोनला रेंज आली आणि तो माझ्या खिशात थरथरतच राहिला. 43 मिस्ड कॉल. त्यातले 31 बाबांचे. फोन लावला तर पलीकडून आईचा नुसता श्वास ऐकू आला, शब्द नाही. तो श्वास अजून माझ्या कानात आहे. मला काहीही झालं नव्हतं, आणि तेवढं सांगायला माझ्याकडे साधन नव्हतं. चूक माझीच होती. तारीख सांगून गेले, पण उशीर झाला तर काय समजायचं, हे सांगितलंच नव्हतं.

म्हणून यंदा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतलंय. घेण्याआधी सहा महिने चौकशी करत होते. बाबा, तुम्ही तारखात्यात उभी नोकरी केलीत, त्यामुळे यातलं बरंचसं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पहिला प्रश्न होता जाळ्याचा. उपग्रह दोन तऱ्हेचे. काही विषुववृत्तावर 36 हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभे असल्यासारखे दिसतात. इथून ते दक्षिणेच्या आभाळात येतात. आता एल्क दुपारी कुठे बसतं? डोंगराच्या उत्तर उतारावर, गर्द झाडीत, सावलीला. म्हणजे आम्हीही तिथेच, आणि दक्षिणेला डोंगराची भिंत. तिथून तो उपग्रह दिसणारच नाही. काही फोनमध्ये उपग्रहाची सोय येते ती अशा उपग्रहांवर चालते, हे मला आधी माहीतच नव्हतं. दुसरी तऱ्हा खालून फिरणाऱ्यांची. इरिडियम नावाच्या कंपनीचे 66 उपग्रह जेमतेम 780 किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे धावत असतात. एक डोंगराआड गेला तर दहा मिनिटांत दुसरा डोक्यावर येतो. संदेश जायला वेळ लागेल, पण जाईल. इरिडियमवरचंच घ्यायचं, एवढं इथे नक्की झालं.

मग एकतर्फी की दुतर्फी. पीएलबी म्हणून एक डबी मिळते. 406 मेगाहर्ट्झवर संकटाची हाक देते, मासिक वर्गणी नाही, बॅटरी सीलबंद, पाच वर्षं हात लावायचा नाही. ती हाक कॉस्पस-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे जाते. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचं सोव्हिएत रशिया यांनी शीतयुद्धाच्या काळात मिळून ती उभी केली. बाबा, भारतही तिच्यात आहे, आपलं केंद्र इस्रोकडे बंगळुरूला आहे. मला ही गोष्ट फार आवडली. शेजारच्या बाई हीच डबी बाळगतात आणि तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. मरणाच्या दारात असाल तर तिच्यासारखं भरवशाचं काही नाही. पण मागच्या वर्षी आम्ही मरणाच्या दारात नव्हतोच. आम्हाला फक्त उशीर झाला होता, आणि 'उशीर झाला' हे त्या डबीला सांगता येत नाही.

म्हणून दुतर्फी. त्यात झोलिओ नावाचं यंत्र बराच काळ मनात होतं. चांगलं आहे, स्वस्तही पडतं. पण फोनशी जोडल्याशिवाय त्यावरून 'ठीक आहे' आणि संकटाची हाक एवढंच जातं, स्वतःचं वाक्य लिहिता येत नाही. थंडीत फोनची बॅटरी कशी झोपते ते मी पाहिलंय, आणि दगडावर आपटून फोन फुटायला एक घसरण पुरते. शेवटी गार्मिनचं इनरीच मिनी 2 घेतलं. चारशे डॉलरच्या आसपास पडलं, वर महिन्याची वर्गणी. महाग आहे, मान्य. पण फोनशिवायही त्यावर लिहिता येतं. अक्षर-अक्षर निवडत बसावं लागतं, 'पाय मुरगळला' लिहायला पाच मिनिटं जातात, पण लिहिता येतं.

आई, वजन म्हणशील तर बरोब्बर 100 ग्रॅम. अंघोळीच्या साबणाची नवी वडी हातात घेऊन बघ, तेवढंच. वर बोटाच्या पेराएवढी जाड अँटेना. कडेला एक झाकण, ते उचललं की आत एसओएसचं बटण. झाकण मुद्दाम आहे, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला शेजारच्या बाईंनी सांगितली. शिकारी जनावराच्या जवळ पोचला की पाठीवरची सॅक झाडाखाली ठेवून हलक्या पावलांनी पुढे जातो. बहुतेक जण यंत्र सॅकच्या पट्ट्याला अडकवतात. मग पुढे दोन-तीनशे मीटरवर पाय घसरला तर यंत्र तिकडे आणि माणूस इकडे. म्हणून माझं यंत्र माझ्या अंगावर राहणार, छातीवरच्या पट्ट्याला, अँटेना आभाळाकडे करून. भगव्या बंडीच्या वरून. (ती बंडी आणि टोपी इथे सक्तीची आहे, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून दिसावा म्हणून.) रात्री ते माझ्याबरोबर झोपण्याच्या पिशवीत, कारण गारठ्यात बॅटरी उतरते.

एसओएस दाबला तर काय होतं? टेक्सासमध्ये चोवीस तास माणसं बसलेली असतात, त्यांना माझी जागा नकाशावर दिसते. ते मला लिहून विचारतात, काय झालं, किती जण आहात. मग त्या भागाच्या शेरीफला, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाला, कळवतात. कोलोरॅडोत शोधाची जबाबदारी शेरीफची, पण प्रत्यक्ष रानात येतात ती स्वयंसेवक मंडळी. आपलं घरदार, नोकरी सांभाळून येतात, शोधायचे पैसे घेत नाहीत. आमच्या शिकारीच्या परवान्यातली थोडी रक्कम त्यांच्या निधीत जाते. म्हणूनच ते बटण उगाच दाबायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलंय. माझ्या घाबरण्यापायी कुणी अनोळखी माणूस बर्फातून चालत येता कामा नये.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. संकटात कुणाला फोन करायचा, अशी दोन नावं त्या यंत्राच्या खात्यात भरावी लागतात. मी तुमची नावं घातली नाहीत. एक तुमच्या जावयाचं, दुसरं बाईंच्या मुलीचं. बाबा, राग मानू नका. तुमची वेळ आमच्यापुढे साडेअकरा तास. अवेळी इंग्रजीत फोन येईल, माझी तब्येत, औषधं, गाडीचा नंबर विचारतील. ज्याच्याजवळ ही माहिती आहे आणि जो दोन तासांत इथल्या रस्त्याला लागू शकतो, त्यालाच तो फोन जायला हवा. तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही. जावयानं तुम्हाला लगेच फोन करायचा, काहीही न गाळता सांगायचं, हे आमचं ठरलंय. त्यानं शब्द दिलाय.

तुमच्यासाठी मी वेगळं काही ठेवलंय. या यंत्रात तीन संदेश आधीच लिहून ठेवता येतात. बटण दाबलं की जातात, कितीही वेळा पाठवा, जादा पैसे नाहीत. शुभेच्छांच्या तारेला पूर्वी ठरलेली वाक्यं आणि त्यांचे नंबर असायचे ना, दिवाळीचा अमुक, लग्नाचा तमुक? लहानपणी मी तुमच्या कचेरीत भिंतीवरचा तो तक्ता पाठ केला होता. तसंच हे. यंत्रात रोमन अक्षरांत लिहिलेत, तुम्हाला ईमेलवर येतील:

1. मुक्कामी पोचलो. ठीक आहोत.
2. उशीर होणार. पण ठीक आहोत.
3. गाडीपाशी आलो. घरी निघालो.

पहिला रोज संध्याकाळी सातला पाठवीन, तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, बाबांच्या चहाची वेळ. दुसरा आला तर मागच्या वर्षीसारखं काहीतरी चाललंय असं समजा, ओझं, बर्फ, वाट. तिसरा आला की आईनं देवाला साखर ठेवावी.

आणि काहीच आलं नाही तर? बाबा, हा परिच्छेद दोनदा वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. तुम्हीच सांगायचात, की तार आली म्हटलं की लोक पाकीट उघडायच्या आधीच रडायला लागायचे, मग आत मुलगा झाल्याची बातमी असायची. आता उलटं झालंय, काही आलं नाही की धसका बसतो. पण गर्द झाडीत, घळीत संदेश अडकतो. यंत्र हरवू शकतं. एखाद्या संध्याकाळी नुसती झोप लागू शकते. एक दिवस शांत गेला तर त्याचा अर्थ काहीच नाही. 19 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तिसरा संदेश आला नाही, तर जावई पुढचे चोवीस तास थांबेल आणि मग शेरीफला कळवेल. आमचा तळ, गाडी कुठे लावणार, कोणत्या वाटेनं जाणार, सगळं लिहून कागद फ्रिजवर लावलाय, त्याचा फोटो तुम्हालाही पाठवते. तोवर तुम्ही फोन करायचा तो फक्त जावयाला. कितीही वेळा करा, तो उचलेल.

नकाशावर माझा ठिपका बघत बसायची सोयही यात आहे. तुम्हाला ती लिंक देऊ की नको, यावर मी खूप विचार केला आणि नको ठरवलं. शिकारीत माणूस चार-चार तास एका जागी दगडासारखा बसतो. ठिपका हलला नाही की बाबा रात्रभर जागतील. जावयाकडे ती लिंक आहे, तेवढी पुरे.

आतेभावासाठी असंच एक घेऊन ये, असं बाबा म्हणाले होते. सह्याद्रीत एकटा भटकतो, तुमची काळजी मला समजते. पण ते आणता येणार नाही. भारतात परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. 26/11 च्या हल्लेखोरांकडे उपग्रह फोन होता, त्यानंतर तर फारच कडक झालं. गेल्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला याच जातीच्या यंत्रापायी अडवून पोलिसांच्या हवाली केलं होतं. माझंही मी येताना इथेच ठेवून येईन. आतेभावाला म्हणावं, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी सांगून वर चढ: कुठल्या वाटेनं जाणार, कधी उतरणार, आणि किती वाजेपर्यंत आला नाहीस तर त्यांनी माणसं गोळा करायची. एवढं केलं तरी खूप आहे.

आई, बंदुकीबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. आपल्याकडे कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच झालं. इथे मोजून परवाने देतात, परीक्षा घेतात, आणि जे आणलं ते आम्ही वर्षभर खातो. तुला पटावं असा माझा हट्ट नाही. घरी आल्यावर आपण शांतपणे बोलू.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातला मी अंगणातून चाचणीसाठी पहिला संदेश पाठवतेय. रविवारी सकाळी साडेसहाला बाबांच्या ईमेलवर येईल, दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे. त्यात एक लिंक असेल, ती उघडून उत्तर लिहिता येतं. जास्तीत जास्त 160 अक्षरं. बाबा, उत्तर आईला लिहू द्या. तिनं सांगावं आणि तुम्ही टाइप करावं असं नको, तिनंच एका बोटानं लिहावं. मी बाहेर अंगणात उभी राहून वाट बघेन.

तुमची लेक