‘मनमिळाऊ’ या शब्दाबाबत दुरुस्ती

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या निधनवार्ता सदरात आमच्या वडिलांच्या निधनाची चार ओळींची बातमी प्रसिद्ध झाली, त्याबद्दल आम्हा कुटुंबीयांतर्फे आभार. बातमीतला मजकूर माझ्या धाकट्या भावानेच घाईघाईत फोनवरून सांगितलेला असल्यामुळे आपल्या वार्ताहराचा त्यात काहीही दोष नाही. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला चूक दिसली की लाल पेन हातात घ्यावासा वाटतो, त्यातलाच हा प्रकार समजावा.

बातमीत वय ८० छापले आहे. शाळेच्या दाखल्यावरून ते बरोबर येते. परंतु दाखल्यावरची १ जुलै ही जन्मतारीख मास्तरांनी दिलेली होती, आणि त्या वर्षी नाव घातलेल्या गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी तीच दिली होती. आमची आजी सांगायची की हा हुरड्याच्या दिवसांत झाला, म्हणजे जुलै तर नक्कीच नव्हे, कारण जुलैत आमच्याकडची ज्वारी धड वीतभरही वर आलेली नसते. स्वतः वडील आपल्या वयाचा हिशेब राज्यांवरून करत. जन्म मध्य प्रांत व वऱ्हाडात, पाटी-पेन्सिल मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुक्काम मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. “चार राज्यं पाह्यले, पन वावर एकच,” असे ते आल्यागेल्याला सांगत, आणि राजधानी नागपूरहून मुंबईला गेली तरी आपण दारव्हा तालुक्यातून हललो नाही, याचा त्यांना एखादा पराक्रम गाजवल्यासारखा अभिमान होता.

आम्ही मुले त्यांना बाबा कधी म्हणालोच नाही. एकत्र घरात काका आणि आत्या त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आम्हीही भाऊच म्हणत आलो, आणि पुढे नातवंडांनीही तेच उचलले.

माझी खरी हरकत आहे ती ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ या शब्दांना. आपल्या सदरात ज्याचे नाव येते तो प्रत्येक जण मनमिळाऊ असतो, हे भाऊंनीच मला दाखवून दिले होते. सकाळी पेपर आला की ते भिंग घेऊन आधी तेच पान उघडत आणि ओळखीचा कोणी निघाला की “हा मनमिळाऊ कवापासून झाला बाप्पा?” असे मोठ्याने विचारत. भाऊ दुकानदाराशी वजनावरून भांडत, एसटीच्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडत, आणि शेजारच्या वावराच्या धन्याशी तर त्यांनी हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधासाठी, बावीस वर्षे दावा लढवला. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी गावातून फाट्यापर्यंत एकाच बंडीने जात, कारण बैल आमचे होते आणि बंडी त्यांची. तिथून एकच एसटी, दुपारी झाडाखाली आमच्या घरची भाकर आणि त्यांच्या घरची जवसाची चटणी, आणि पुढची तारीख मिळाली की त्याच बंडीतून परत. जाता-येता दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत, असे माझी आई सांगते. मला ते खरे वाटत नाही. सहा तास गप्प बसणे भाऊंच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते.

या तारखांचा खर्च भाऊंच्या वहीत आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वह्या एकूण अकरा निघाल्या, आणि तेरवीनंतर आम्ही भावंडे दोन रात्री त्या वाचत बसलो होतो. प्रत्येक पानावर तारीख, बाब, रक्कम आणि शेरा असे चार रकाने आखलेले असून शेऱ्याच्या रकान्यात तीनच प्रकार आढळतात: ‘आवश्यक’, ‘अनावश्यक’ आणि ‘टाळता आले नाही’. सरकी, डवऱ्याची पास, आईची औषधे ही आवश्यक. माझ्या भावाने हट्टाने घेतलेला गॉगल अनावश्यक. ‘तारखेचा चहा, दोघांचा’ हा खर्च बावीस वर्षे टाळता आलेला नाही. माझ्या लग्नाचा खर्च सलग तीन पाने चालतो आणि त्याखालीही ‘टाळता आले नाही’ असेच लिहिलेले आहे. ते मी फार पूर्वीच पाहिले होते आणि रागावून त्यांना जाबही विचारला होता. तेव्हा वखराला तेल देता देता, मान वर न करता ते म्हणाले होते, “टाळता आलं असतं त पाठवलं असतं काय व तुले?”

आम्ही तीन बहिणी झाल्यावर मुलगा झाला. तिसरीच्या वेळी नातेवाईक पडलेल्या चेहऱ्यांनी भेटायला येत होते आणि भाऊ दारव्ह्याहून आणलेले पेढे त्यांच्या हातावर ठेवत होते. वहीत त्या दिवशी ‘पेढे, २ किलो, आवश्यक’ अशी नोंद असून ‘आवश्यक’च्या खाली पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या आहेत. अकरा वह्यांत तशा रेघा दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. मुलाच्या जन्माला मात्र एकच किलो पेढे आले, ही तक्रार माझा भाऊ आजही करतो. त्याचे कारण मुलींचे कौतुक एवढेच नव्हते, त्या वर्षीचा कापसाचा चुकारा अजून यायचा होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याची योजना, १९७२ साली सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षे संकलन केंद्रापुढे बंड्यांची रांग हा आमच्याकडच्या हिवाळ्याचा भागच होऊन गेला. मी नऊ वर्षांची असताना हट्ट करून भाऊंबरोबर गेले होते. नंबर लागायला दोन रात्री लागल्या. भरलेल्या बंडीवर कापसात खळगा करून त्यांनी मला त्यात झोपवले, वरून आपले घोंगडे टाकले, आणि स्वतः बैलांजवळ शेकोटी करून बसले. रात्री जाग आली तेव्हा ते बैलांशी बोलत होते. बैलांना ते नेहमी अहो-जाहो करत, आम्हाला मात्र अरे-तुरे, आणि “त्यायच्याशी बोलता तेवढं माह्याशी बोलत जा,” हे आईचे कायमचे गाऱ्हाणे होते. दुसऱ्या दिवशी ग्रेडरने कापूस खालच्या ग्रेडला टाकला. भाऊंनी एका बोंडाएवढा कापूस घेतला, सरकी काढून टाकली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूहळू ओढला आणि धाग्याची लांबी त्याच्या डोळ्यांपुढे धरून अर्धा तास भाषण केले. ग्रेड काही बदलला नाही. त्या तारखेला वहीत रकमेचा रकाना रिकामा आहे आणि पुढे लिहिले आहे: ‘ग्रेडरशी बोलणे, अनावश्यक.’

बैलांचा विषय निघालाच आहे म्हणून शेवटचे सांगते. भाऊ पोळ्याच्या आठ दिवस आधी गेले. घरात सुतक असल्यामुळे आमच्याकडे ना खांदेमळणी, म्हणजे आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे चोळणे, होणार होती ना बैल तोरणाखाली जाणार होते. माझा भाऊ तर वर्षभरात बैलजोडी विकून टाकण्याच्या विचारात आहे, आणि मळणीही आता मशीननेच होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते, तेव्हा तेच धुऱ्याचे प्रतिवादी काठी टेकत आमच्या कोठ्याकडे जाताना दिसले. त्यांचे वय भाऊंच्याच आसपासचे, म्हणजे त्यांचीही जन्मतारीख १ जुलैच. त्यांच्या नातवाच्या हातात हळद कालवलेल्या तुपाची वाटी आणि पळसाची पाने होती. त्यांनी आमच्यापैकी कोणालाही काही विचारले नाही. दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी कितीतरी वेळ चोळले, पानांनी शेकले, आणि मग त्यांच्या कानाशी वाकून “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, घुंगरमाळा असा त्यांच्या घरचा सगळा साज चढवून आमची जोडी त्यांच्या दारातून निघाली आणि त्यांच्याच दारात पुरणपोळी जेवली. जाताना ते आईला एवढेच म्हणाले, “धुरा मात्र माह्याच होता, वहिनी.”

तेव्हा ‘मनमिळाऊ’ हा शब्द मागे घेऊन त्या जागी ‘भांडकुदळ’ असे छापता येत असल्यास छापावे, अशी विनंती आहे. आईचीही संमती आहे, किंबहुना तिने याहून कडक शब्द सुचवला होता.

ता. क. आपल्या दैनिकाचे मागील महिन्याचे बिल परवा माझ्या भावाने भरले आणि सवयीने वही काढून त्यात नोंदही केली. भाऊंनी चाळीस वर्षे या बाबीपुढे कधी ‘आवश्यक’ तर कधी ‘अनावश्यक’ असे आपल्या अग्रलेखांप्रमाणे लिहिलेले आहे. या वेळचा शेरा काय लिहायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.

आपली,
एक नियमित वाचक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ