माउसखालचा लाल दिवा पाहणाऱ्या काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काकाजीच म्हणते. नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. नोव्हेंबरात तुम्ही हयातीचा दाखला करायला आलात, तेव्हा बाकावर सात-आठ पेन्शनर ताटकळत बसले होते आणि माझा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. बटण दाबलं की पंखा जरासा फिरायचा अन् थांबायचा. स्क्रीन काळी ती काळीच.

गणपतीपासून हेच चाललं होतं. आधी एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, बदलला, मग रॅम बदलली, शेवटी मदरबोर्डच गेला म्हणून सांगण्यात आलं. गंमत अशी की, डबा दुरुस्तीला नेला की तिथे पहिल्याच बटणाला चालू व्हायचा. माझ्या टेबलावर आणला, वायरी जोडल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. "तुमच्याकडची लाइनच खराब आहे ताई" असं ऐकल्यावर मी अर्थिंगसुद्धा नवीन करून घेतलं होतं.

तुम्ही बाकावरून उठून टेबलाजवळ आलात आणि वाकून पाहत राहिलात.

"ताई, मेन बंद आहे न?"

"हो काकाजी, प्लगच काढून ठेवलाय."

"मग हा दिवा कशावर जळून राहिला?"

माउसखाली लाल उजेड होता. प्लग काढलेला कॉम्प्युटर, आणि त्याला जोडलेला माउस जिवंत! त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते.

तुम्ही सक्करदऱ्याला घरी गेलात आणि व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन परत आलात. माझा यूएसबी हब, ज्यावर प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन चालतं, त्याची कॉम्प्युटरकडे जाणारी वायर काढलीत. हबचा अडॅप्टर मात्र चालूच ठेवलात. मग मीटरच्या दोन्ही पिना माझ्याच हातात दिल्या आणि वायरीच्या टोकातल्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोनवर टेकवायला लावल्या. आकडा आला ४.९८. तुम्ही म्हणालात, "इथे शून्य पाहिजे."

नळाचं उदाहरण मी कधी विसरणार नाही. टाकीचं पाणी उलटं नळाच्या लाइनीत जाऊ नये म्हणून मध्ये व्हॉल्व्ह बसवतात. हबमध्येही अडॅप्टरचे ५ व्होल्ट उलटे कॉम्प्युटरमध्ये शिरू नयेत म्हणून डायोड किंवा स्विचची चिप लागते. अशा चपट्या टोकाच्या यूएसबीच्या नियमातच आहे की करंट कॉम्प्युटरकडून उपकरणाकडे जाणार, उपकरणाने वरच्या बाजूला तो ढकलायचा नाही. स्वस्त हबमध्ये ही चिप वाचवतात आणि अडॅप्टरची तार थेट कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या लाल तारेला जोडून मोकळे होतात.

रात्री मी यूपीएस बंद करून घरी जायची. हबचा अडॅप्टर राउटरशेजारी दुसऱ्या बोर्डावर होता, तो रात्रभर चालू. म्हणजे बंद कॉम्प्युटरच्या पोटात रात्रभर थोडा थोडा करंट जात होता. मदरबोर्ड धड झोपेत नाही, धड जागा नाही. सकाळी बटण दाबलं की त्याला कोऱ्या पाटीने सुरुवातच करता येत नव्हती. दुरुस्तीच्या टेबलावर हब नसायचा, म्हणून तिथे सगळं ठीक. तीन महिन्यांचं कोडं असं उलगडलं.

तुम्ही लगेच कात्री चालवली नाहीत, हे मला फार आवडलं. काही हब त्याच लाल तारेवरून कॉम्प्युटर चालू आहे की नाही ते ओळखतात, तार तोडली तर असा हब दिसेनासा होऊ शकतो, म्हणालात. म्हणून आधी मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी हीट टेप, भाताच्या शिताएवढी कापून, टोकातल्या ५ व्होल्टच्या पट्टीवर चिकटवलीत. प्लग अजून काढलेलाच होता. हब जोडला. माउसखाली अंधार. मग प्लग लावला, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला आणि प्रिंटरही दिसला. आठवडाभराने पुन्हा येऊन वायर सोललीत, लाल तार तेवढी कापून तिचं टोक नीट झाकलंत. काळी, पांढरी, हिरवी तशाच ठेवल्या.

पैसे घेतले नाहीत. अर्धा कप चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा.

पण मला आभार मानायचेत ते त्या मीटरच्या पिना माझ्या हातात दिल्याबद्दल. आजवर जो आला त्याने डबा उचलून नेला आणि बिल आणून दिलं. तुम्ही मला आकडा वाचायला लावलात. आता माझं स्वतःचं मीटर आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांचा हब परवा मीच तपासला, तिथे शून्य आलं. नवीन हब घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, नुसता अडॅप्टर लावून आधी वायरीचं टोक मोजा, व्होल्ट दाखवले तर परत करा.

आणि एक. त्या दिवशी तुमचा अंगठा चार वेळा लावूनही मशीनने घेतला नव्हता. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्यभर तारा सोलून रेषा झिजल्यात, असं तुम्ही म्हणालात. पाचव्यांदा मधलं बोट लागलं. ते मी वहीत लिहून ठेवलंय. येत्या नोव्हेंबरात तुम्ही रांगेत यायचं नाही, मशीन घेऊन मीच सक्करदऱ्याला येईन.

तुमची,
फॉर्मवाली ताई