बंदूक कोणती, हे नंतर. किल्ली कुठे ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला घराच्या रक्षणासाठी कोणतं शस्त्र निवडावं हा लेख वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. सवय जात नाही. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं काडतुसं तपासण्यात गेली, 2011 साली चार्जमन, म्हणजे देखरेख करणारा पर्यवेक्षक, म्हणून निवृत्त झालो. शिवाय 2003 पासून 2024 पर्यंत माझ्या घरात परवान्याची शस्त्रं होती. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहायचा अधिकार आपल्याला आहे, असं मी समजतो. चार ओळींत आटपणार नाही, हे सौ.नं आत्ताच सांगितलंय.

आधी लाल पेनाचं काम. लेखात 'नऊ एमएमचं पिस्तूल घरासाठी उत्तम' असं बिनधास्त लिहिलंय. असेल उत्तम, पण ते तुम्हाला-मला मिळत नाही. सैन्य आणि पोलीस वापरतात ते नऊ एमएमचं काडतूस ज्यात बसतं, ते शस्त्र आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) येतं. .303 आणि 7.62 च्या रायफलींचंही तेच. सर्वसामान्य माणसासमोर उरतात ती .32 ची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर, .22, .315 ची रायफल आणि आपली जुनी बारा बोअर. दुसरं, लेखात 'आखूड नळीची शॉटगन' सुचवली आहे. वीस इंचांपेक्षा आखूड नळीची बारा बोअर हीसुद्धा प्रतिबंधितच. लेख कुठल्या देशातल्या वाचकासाठी लिहिला होता कोण जाणे, धायरी-हडपसरच्या वाचकासाठी नक्कीच नव्हता. आणि कोयता गँगच्या बातम्या वाचून हल्ली त्याच भागातली मंडळी मला फोन करून विचारतात, 'काका, काय घ्यावं?'

तर काका सांगतात ते ऐका.

आमच्या घरात पहिली आली ती वडिलांची बारा बोअरची दुनाळी. भोरकडच्या शेतावर रानडुकरांसाठी घेतलेली. 2002 मध्ये वडील गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, मग वारसाच्या नात्यानं अर्ज करून 2003 मध्ये माझ्या नावावर झाली. 1959 च्या शस्त्र कायद्यात एक गंमत आहे. रक्षणासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची साधी बंदूक मागितली, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागितलं, की सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे कायद्याच्या मते घर राखायचं हत्यार म्हणजे दुनाळी. कायदा झाला तेव्हा घरं वाड्यांची होती, हेही खरं.

'बारा बोअर' मधलं बारा म्हणजे काय, हे मी फॅक्टरीत नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला विचारायचो. निम्मे 'बारा मिलिमीटर' म्हणून मोकळे व्हायचे. नळीच्या भोकात बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोल गोळ्या ओतल्या, तर त्यांचं मिळून वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. भोक निघतं साधारण साडेअठरा मिलिमीटर. हे सांगायचं कारण, की केवढा ऐवज आपण दिवाणखान्यात आणतोय याचा अंदाज यावा. लोक म्हणतात, 'दुनाळीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात.' पसरतात, पण शेताच्या अंतरावर. ढोबळ हिशेब यार्डाला एक इंच. आमचा हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच यार्ड, म्हणजे छर्ऱ्यांचा झुपका पसरलेल्या तळहाताएवढा. नेम धरावाच लागतो. आणि ती जवळजवळ चार फुटांची बंदूक घेऊन आमच्या तीन फुटी पॅसेजमध्ये वळून दाखवा. मी प्रयत्न केला होता, रिकाम्या बंदुकीनं, 2004 साली. मिक्सरचं भांडं फुटलं.

मग कामगारांच्या पतसंस्थेची रोकड न्यायची-आणायची जबाबदारी अंगावर आली आणि त्या कारणावर 2006 मध्ये .32 चं रिव्हॉल्व्हर घेतलं. पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हरच, आणि ते विचार करून. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढायला मनगटात जोर लागतो. आज वय चौऱ्याहत्तर आहे, अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, बरणीचं झाकण सौ. उघडून देते. रिव्हॉल्व्हरचं एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तुलात तेच न उडालेलं काडतूस हातानं खेचून काढावं लागतं, तेही अंधारात, थरथरत्या हातानं. 2014 मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, अर्धा किलो वजनाचं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं. हलकं म्हणून लोक खूश झाले. हत्यार जेवढं हलकं तेवढा झटका हाताला जास्त, हे दुकानात कुणी सांगत नाही. त्याच कानपुरातून 2023 मध्ये 'प्रबल' आलं, ते सातशे ग्रॅमचं. मला विचाराल तर घ्यायचंच असेल तर वजनदार घ्या, आणि घेण्याआधी एकदा तरी रेंजवर जाऊन उडवून बघा. हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आता अर्जाला लागतोच, तो नुसता कागद म्हणून आणू नका.

अजून एक. हे सगळं उडवायचं कुठे? फ्लॅटमध्ये. गोळी बेडरूमच्या फ्लश डोअरमधून पलीकडे जाते, आणि पलीकडे मुलं झोपलेली असतात. बंद खोलीतला बार कानाचं काय करतो, ते माझ्या डाव्या कानाला विचारा. फॅक्टरीत कानात बोळे असूनही तो गेला.

पण मला मुख्य सांगायचंय ते कपाटाबद्दल.

परवाना मागताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. लोक सही करतात आणि विसरतात. मी विसरलो नाही. रिव्हॉल्व्हर गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपाच्या पेटीत, आणि किल्ल्या वेगळ्या जागी. एका रविवारी दुपारी सौ.ला म्हटलं, घड्याळ लाव. पलंगावर आडवा झालो. तिनं 'चोर' म्हटलं, उठलो. चष्मा, किल्ली, कपाट, तिजोरी, पलीकडची खोली, पेटी, सहा काडतुसं. एक मिनिट चाळीस सेकंद! दिवसाउजेडी, चोर नसताना. सौ. म्हणाली, 'तोपर्यंत चोर चहा मागेल.'

यावर हुशार लोक म्हणतात, भरलेलं उशाशी ठेवायचं. ठेवा, आणि मग पुढचं वाचा.

2019 मध्ये सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण नंतरचे चार महिने ती झोपेना, बोलेना, जेवणाच्या ताटाकडे बघत बसायची. फिल्टर कॉफी म्हणजे जीव की प्राण, ती पण नको म्हणायची. डॉक्टरांनी औषधं दिली, हळूहळू बरी झाली. त्या चार महिन्यांत मी तिजोरीची किल्ली पायजम्याच्या खिशात घेऊन फिरत होतो. अंघोळीला जाताना न्हाणीघरात न्यायचो. का, ते तिला कधी सांगितलं नाही. या पत्रातून कळेल, कारण पेपर ती माझ्याआधी वाचते. परवान्याच्या अर्जाला शरीर-मनाच्या तब्येतीचा डॉक्टरी दाखला लागतो, तो अर्जदाराचा. घरातल्या बाकीच्यांचं कुणी विचारत नाही. आणि तेही दाखल्याच्या दिवशीची तब्येत. माणसाची पुढची पाच वर्षं कशी जातील हे कुठला डॉक्टर लिहून देणार? (नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी होतं. 2019 च्या दुरुस्तीनं ते पाच वर्षांवर गेलं आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. माझ्याकडे दोनच होती, सुटलो.)

प्रत्यक्ष कामाला ते रिव्हॉल्व्हर किती वेळा आलं? एकदा, फेब्रुवारी 2022. पहाटे तीनच्या सुमारास फाटकाबाहेर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. सगळा कपाट-पेटी सोहळा करून, भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. शेजाऱ्यांच्या ईको गाडीखाली दोन पोरं उताणी पडलेली, एकाच्या तोंडात टॉर्च लावलेला मोबाइल, दुसऱ्याच्या हातात पाना. सायलेन्सर चोरत होती. त्या दिवसांत ईकोचे सायलेन्सर शहरभर चोरीला जात होते, आतल्या मौल्यवान धातूसाठी.

आता करायचं काय? मी पन्नास फुटांवर, हातात सहा गोळ्या. सायलेन्सरसाठी माणसावर गोळी झाडायची? कायदा तसं म्हणत नाही. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, स्वसंरक्षणाची कलमं आता 34 ते 44 आहेत, पण गाभा तोच. जिवाची धास्ती असेल, कुणी रात्री घर फोडून आत शिरत असेल, जबरी चोरी करत असेल, तर हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. रस्त्यावरच्या गाडीचा सुटा भाग खोलणाऱ्या पोरासाठी जात नाही. आणि पोलिसांना बोलवायला सवड असेल, तर हक्कच उरत नाही. मला सवड होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत त्या क्षणी माझ्या हातात होतं ते एक जड लोखंड, आणि ते थरथरत होतं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात सौ.नं मागच्या खोलीतून 112 फिरवला, अंगणातला दिवा लावला आणि खिडकीतून असा काही आवाज दिला, की 'ए कोण आहे रे तिकडे' हे चार बंगल्यांना ऐकू गेलं. पोरं पाना टाकून पळाली. पाना अजून आमच्याकडे आहे, चांगला आहे. मी त्यानंतर रिव्हॉल्व्हर मोकळं करायला दहा मिनिटं घेतली, कारण बोटं वळत नव्हती.

निवडणुकांचं तर सांगतच नाही. म्हणजे थोडं सांगतो. आचारसंहिता लागली की कुणाची शस्त्रं जमा करायची हे समिती ठरवते, आणि माझा नंबर बहुतेक वेळा लागायचा. लोकसभा, विधानसभा, महापालिका. पिशवीत घालून ठाण्यात न्यायचं, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायचं. 2017 नंतर महापालिकेची निवडणूक वर्षानुवर्षं लांबली, तिचा पुण्यात कुणाला फायदा झाला असेल तर माझ्या रिव्हॉल्व्हरला, एक हेलपाटा वाचला. त्या दोन-दोन महिन्यांत घर ज्याच्या भरवशावर होतं ते कुलूप, कडी आणि शेजारी, तेच बाकीच्या वेळीही होतं हे कळायला मला वीस वर्षं लागली.

2023 च्या दिवाळीत नातू आला होता, सात वर्षांचा, हातात टिकल्यांचं पिस्तूल. मला म्हणाला, 'आजोबा, तुमच्या खऱ्याची किल्ली देवघरात कापराच्या डबीत आहे ना?' कुणी सांगितलं विचारलं, तर 'मला माहितीये' एवढंच. तिथे ठेवून मला तीन आठवडेही झाले नव्हते.

2024 च्या लोकसभेला दोन्ही शस्त्रं जमा केली. मेमध्ये मतदान झालं, जूनमध्ये निकाल लागला. ठाण्यातून परत आणली, रीतसर परवानगी घेऊन परवानाधारक विक्रेत्याला विकली आणि परवाना आयुक्तालयात जाऊन परत केला. दुनाळी देताना वाईट वाटलं, तिच्या दस्त्यावर वडिलांच्या गालाची घासण आहे. रिव्हॉल्व्हरचं काही वाटलं नाही. आलेल्या पैशांत पुढच्या दाराला सेफ्टी डोअर, मागच्या दाराला आतून आडवा लोखंडी अडसर आणि अंगणात माणूस आला की आपोआप लागणारे दोन दिवे बसवले. पैसे उरले.

ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे त्यांनी शस्त्र घेऊ नये, असं मी म्हणत नाही. शेतावर एकटं राहणाऱ्याचं गणित वेगळं आहे, ते माझ्या वडिलांचं होतं. पण सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून मला फोन करणाऱ्यांनी बोअर विचारण्याआधी किल्लीची जागा ठरवून मग फोन करावा.

दोन दुरुस्त्या कृपया छापाव्यात. एक, नऊ एमएमबद्दलची, वर लिहिलीच आहे. दुसरी, लेखासोबतच्या छायाचित्रातल्या बाईंनी पिस्तूल धरलंय त्यात त्यांचं बोट चापावर आहे. नेम धरून उडवायच्या क्षणापर्यंत ते चापाच्या बाहेर, नळीला समांतर, सरळ हवं. आमच्या फॅक्टरीत असं बोट दिसलं असतं, तर त्या दिवशी त्या माणसाला घरी पाठवलं असतं.

नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चार्जमन
सहकारनगर, पुणे