वाचनालयातल्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

परवा नागपुरात, बर्डीच्या छापखान्यातून माझ्या आत्मकथनाच्या चाळीस प्रती घरी आल्या. गठ्ठा सोडला आणि पहिली आठवण तुमची झाली. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही हात हलवून विषय बदलला असता, म्हणून चारचौघांत, लिहूनच मानते.

दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं, "माझ्यासारखीनं आत्मकथन का लिहावं?" मी आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजात बसले. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, सगळे ट्रंक कॉल लोकांचे. मी फक्त जोडून द्यायची. तुम्ही वाद घातला नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढून हातात ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "या बाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या." मग दोनशे पानी वही दिलीत, आणि दर गुरुवारी दुपारी मी पानं घेऊन यायचं ठरलं.

पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "आईने अत्यंत कष्टात दिवस काढले." तुम्ही पेन्सिलीनं त्या वाक्याभोवती गोल केलात आणि बाजूला लिहिलंत: कसे?

त्या एका शब्दापायी मी चार रात्री जागले. आमचं घर कोष्ट्याचं, तांडापेठेच्या बाजूचं. बाबा मागावर लुगडी विणायचे. ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत पसरून सकाळी उन्हाआधी त्याला खळ द्यायचे, आणि आई रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागावरच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. पहाटे चूल पेटायच्या आधी बसायची, रात्री आम्ही झोपल्यावरही रहाटाची घरघर चालूच. सुतानं तिच्या बोटाला चीर पडलेली असे, त्यात हळद-तेल भरून ती पुन्हा बसायची. कांडी नाही तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर माग बंद. हे मला ठाऊक होतं, पण लिहीपर्यंत दिसलं नव्हतं.

आणि मग ते आठवलं, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. १९७१ ची जनगणना. मी चौदा वर्षांची, घरात लिहितावाचता येणारी मीच. दारात आलेल्या गुरुजींनी विचारलं, "आई काय काम करते?" आतून रहाटाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "काही नाही, घरीच असते." त्यांनी तसं लिहून घेतलं.

ताई, मी आत्मकथन का लिहिलं याचं खरं उत्तर हे आहे. माझा जन्म १९५६ चा. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, १ नोव्हेंबरला नागपूरचं राजधानीपण गेलं. हे पुस्तकांत सापडतं, सापडायलाच हवं. त्याच दिवसांत पोटुशी असताना आई किती कांड्या भरत होती, हे माझ्याशिवाय कोण लिहिणार? आणि जिथे कागदावर नोंद झाली, तिथे ती मीच चुकीची सांगितली.

आणखी एक ऋण आहे. बाबांनी १९७४ साली माग विकला. कर्जापायी, आईला न विचारता विकला, असं मी पन्नास वर्षं धरून होते आणि फार रागानं ते प्रकरण लिहिलं होतं. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "हे घरात दुसऱ्या कोणाला आठवतं का?" मी पाचपावलीला काकीकडे गेले, पान वाचून दाखवलं. काकी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अवं पोरी, सुतवाल्याचं देणं फेडलं अन् उरल्या पैशात तुह्या टायपिंगच्या क्लासची फी भरली. तुही माय त्याच्यासंगंच गेली होती माग इकाले."

त्याच टायपिंगवर मला नोकरी लागली होती.

मी जुनं प्रकरण फाडायला निघाले तेव्हा तुम्ही अडवलंत. "तुम्हाला जे वाटत होतं तेही तुमचंच आयुष्य आहे," म्हणालात. म्हणून पुस्तकात दोन्ही आहेत, माझा राग आणि त्याच्याखाली काकीचं बोलणं, तिच्याच शब्दांत. ते पान छापून आलेलं पाहायला काकी राहिली नाही. पण मी विचारायला गेले होते, वेळेत गेले होते, आणि ते तुमच्यामुळे. याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

नातवानं पुण्याहून फोनवर विचारलं, "आजी, कांडी म्हणजे काय?" त्याला पान सतरा वाचायला सांगितलं आहे.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका नको, असं मी छापखान्यात सांगितलं. तिथे आईचं नाव आहे, आणि खाली एक ओळ: व्यवसाय – कांड्या भरणे.

तुमची प्रत घेऊन गुरुवारी येते. नेहमीच्याच वेळेला.

तुमची,
गुरुवारवाली