नोकऱ्या दोन, सवलत मात्र एकच

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळ आली की आमच्या ऑफिसात दरवर्षी एक कागद फिरतो. विम्याच्या पावत्या, घरकर्जाच्या व्याजाचा दाखला, असलं काय काय अमुक तारखेच्या आत आणून द्या म्हणून. नव्या करप्रणालीत यातल्या बहुतेक पावत्यांचा उपयोग उरलेला नाही, त्यामुळे हल्ली तो कागद कोणी धड वाचतही नाही. पण जो प्रश्न खरोखर विचारायला हवा, तो त्यावर कधीच नसतो: दुसरीकडे कुठे पगार घेता का?

मी घेतो. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा शहरातल्या एका दवाखान्यात बिलिंग काउंटरवर बसतो. सोलापुरात असे आम्ही किती आहोत हे ज्याचं त्याला माहीत. कापड दुकानात दिवसभर उभं राहून रात्री मेडिकलमध्ये बसणारे आहेत, कॉलेजात तासिकेवर शिकवून क्लास घेणाऱ्या बाया आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारी पोरं आहेत. एका पगारात भागत नाही हे सगळ्यांना कळतं. दोन पगारांचा कर कसा लागतो हे मात्र, लोकांचे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या मलासुद्धा कळलं नव्हतं. त्याची फी मी भरली आहे, म्हणून हे पत्र.

2024-25 सालची गोष्ट. कारखान्यात महिना 46,000 आणि दवाखान्यात 22,000. टीडीएस, म्हणजे मालकाने पगारातूनच कापायचा कर, दोन्हीकडे शून्य. मी खुशीत होतो. पुढे जुळे सोलापुरात घर घ्यायचं ठरलं, बँकेने प्राप्तिकराच्या रिटर्नची प्रत मागितली, म्हणून नवी पेठेतल्या एका करसल्लागारांकडे गेलो. त्यांनी कारखान्याचा फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, चाळला, मग पासबुक उघडलं आणि दर महिन्याला 7 तारखेच्या आसपास पडणाऱ्या 22 हजारांवर पेन्सिल ठेवली. "हे काय ओ?" म्हणाले. मी म्हटलं, "तो दुसरा पगार. त्याच्यावर कर बसत नाही, कापलाच नाही त्यांनी." ते हसले नाहीत. कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

दोन्ही पगार मिळून वर्षाचे 8,16,000. त्यातून पगारदाराला पावत्यांशिवाय मिळणारी प्रमाणित वजावट 75,000, तीही एकदाच. राहिले 7,41,000. त्या वर्षी करमाफीची सूट 7 लाखांपर्यंतच होती. कर 24,100, त्यावर 4 टक्के सेस (उपकर), म्हणजे 25,060. आणि वर्ष संपण्याआधी हप्त्यांनी भरायचा आगाऊ कर भरला नव्हता म्हणून कलम 234 ब आणि 234 क खालचं व्याज, सव्वादोन हजारांच्या वर. घराच्या रजिस्ट्रीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून त्याच दिवशी चलन भरलं. घरी आल्यावर बायकोने फक्त "किती?" एवढंच विचारलं.

यात कोणी चोरी केली नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कारखान्याने माझे साडेपाच लाख पाहिले, वजावट आणि सूट धरून कर शून्य काढला. दवाखान्याने 2,64,000 पाहिले आणि तीच वजावट, तीच मर्यादा पुन्हा धरली. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर. पण त्या सवलती माणसाला मिळतात, नोकरीला नाही. त्या माणसाच्या एका पॅनवर एकदाच. दोन मालकांनी मला त्या दोनदा दिल्या आणि जुलैत सरकारने एक परत घेतली, एवढंच घडलं.

यावर उपाय कायद्यातच आहे आणि तो मोफत आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी पगार असणाऱ्याने त्यातल्या कोणत्याही एका मालकाला, आपल्या पसंतीच्या, दुसऱ्या पगाराची आणि तिथे कापलेल्या कराची माहिती फॉर्म 12 बी मध्ये भरून द्यायची. मग (फॉर्म आणि कलमाचे हे आकडे 1961 च्या कायद्यातले) कलम 192 प्रमाणे तो मालक दोन्ही पगार एकत्र धरून कर काढतो आणि दरमहा थोडा थोडा कापतो. मी आमच्या ऑफिसात विचारलं तेव्हा हा फॉर्म कोणी पाहिलेला नव्हता. नोकरी बदलून आलेल्यांचा जुना पगार याच फॉर्मवर कळवायचा असतो. पण आमच्याकडे वीस वर्षांत नोकरी बदलून कोणी आलंच नसेल तर तो कोणाला दिसणार!

अडचण अज्ञानाची कमी आणि भीतीची जास्त आहे. नेमणूक पत्रात "अन्यत्र नोकरी करता येणार नाही" असं एक कलम बहुतेकांच्या असतं. त्यामुळे दिवसाच्या मालकाला संध्याकाळचं कळू नये म्हणून माणूस गप्प बसतो. अशांनी फॉर्म संध्याकाळच्या ठिकाणी द्यावा, तिथे दिवसाची नोकरी बहुतेक माहीत असतेच. तेही नको असेल तर आगाऊ कर स्वतः भरावा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 किंवा जास्त निघत असेल तर तो भरावाच लागतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. नोकरदार माणूस हे हप्ते व्यापाऱ्यांचे समजतो. मीही समजत होतो.

आता कोणी म्हणेल, हे जुनं झालं, 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत कर नाही. खरं आहे. माझ्या त्याच दोन पगारांवर 2025-26 साठी कर शून्य आहे, फक्त रिटर्न भरावं लागतं, कारण उत्पन्न 4 लाखांच्या वर आहे. पण खड्डा बुजला नाही, पुढे सरकला. आमच्या कॉलनीत एक प्राध्यापक आहेत. कॉलेजचे 68,000, आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतात त्याचे 42,000, दोन्ही पगारच. दोन्हीकडे टीडीएस शून्य, आणि ते निर्धास्त. वर्षाचे 13,20,000 होतात. 75,000 वजा करून 12,45,000. म्हणजे बाराच्या वर फक्त 45,000. स्लॅबप्रमाणे कर 66,750 येतो, पण मार्जिनल रिलीफ नावाच्या सवलतीमुळे तो वरच्या रकमेइतकाच, 45,000, धरतात. वर सेस 1,800. त्या शेवटच्या 45 हजारांसाठी त्यांनी वर्षभर किती रात्री जागवल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. एक रुपया हाती लागत नाही, उलट 1,800 पदरचे जातात. मी हे त्यांना गेटवर उभ्या उभ्या सांगितलं तर म्हणाले, "पेपरात तर बारा पंचाहत्तर आलं होतं." आलं होतं. प्रत्येक नोकरीला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर नाही असं आलं नव्हतं, पण तसं नाही हेही कुठे आलं नव्हतं. संपादक महाराज, ही तक्रार थोडी आपल्याकडेही आहे.

दुसरं काम पगाराचं नसून मानधनाचं असेल तर सगळं उलटं होतं. माझ्या वहिनी एका कॉलेजात तासिकेवर शिकवतात. कॉलेज ते व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवतं आणि 10 टक्के कापतं. वर्षाच्या 1,44,000 वर 14,400 गेले. एकूण उत्पन्न करपात्रच नव्हतं, रिटर्न भरल्यावर सगळे परत आले. पण आयटीआर-1 हा पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म चालला नाही, वेगळा फॉर्म लागला. दोन पगारवाल्याला आयटीआर-1 चालतो, पगार आणि असं शुल्क असलेल्याला नाही. हे कॉलेजने सांगितलं असतं तर त्यांचे दोन हेलपाटे वाचले असते.

व्यवसाय कराचं एक राहिलं. कारखाना महिना 200 कापायचा, दवाखानाही 200, फेब्रुवारीत दोघंही 300. वर्षाला पाच हजार. घटनेच्या 276 व्या कलमाप्रमाणे एका माणसाकडून हा कर वर्षाला 2,500 च्या वर घेता येत नाही. कारखान्यात कापल्याचं पत्र दाखवल्यावर दवाखान्याने बंद केला. आधी गेलेल्याच्या मागे मी लागलो नाही.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन नवा प्राप्तिकर कायदा आला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले, पण त्यानेही पॅन माणशी एकच राहणार. आगाऊ कराच्या शेवटच्या हप्त्याची 15 मार्च दरवर्षी येतेच. आपल्या पेपरात सोन्याचा भाव रोज चौकटीत असतो, त्याच्या शेजारी ही तारीख चार दिवस छापली तरी पुष्कळ.

मी माझ्यापुरतं एक केलं. दवाखान्याच्या मॅनेजर बाईंना सांगून कामावर रुजू होण्याच्या अर्जात "सध्या दुसरीकडे पगारी नोकरी आहे काय?" अशी ओळ घालून घेतली आणि सोबत कोऱ्या 12 बी च्या दहा प्रती ठेवल्या. परवा रात्रपाळीला एक नवा मुलगा आला. त्याने ती ओळ नीट वाचली आणि पुढे "नाही" लिहिलं. अंगात दिवसाच्या कारखान्याचा शर्ट तसाच होता, खिशावर नाव विणलेला.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर