फोनवर नको म्हणालास म्हणून

परळ, मुंबई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, आता देवाचं काही सांगू नकोस." बरं, फोनवर नाही सांगितलं. पत्रात सांगते. नाही पटलं तर घडी घालून ठेव.

नोकरी गेली ती 'चांगल्यासाठीच' असं मी म्हणणार नाही. ज्याचं काही गेलेलं नसतं, तोच हे वाक्य म्हणतो. तुझ्या आजोबांना असे पुष्कळ भेटले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आजोबांच्या हाताला पुन्हा कधी साचा लागला नाही. चाळीतलं भजन मात्र त्यांनी चुकवलं नाही. देव काही देत होता म्हणून नव्हे. पखवाज वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून!

तुकोबांचंच बघ. आपली हकीकत त्यांनी एका अभंगात स्वतःच सांगितली आहे. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. जिवाला लाज वाटत होती, धंदा बुडत होता, हेही लपवलं नाही. आणि लगेच पुढे काय, तर देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. मला ही उडी फार आवडते. मधे दृष्टांत नाही, उपदेश नाही. माणसाने सरळ काम काढलं. दिवाळं निघालं हे बरंच झालं, असं देवाला सांगणारा अभंगही त्यांचाच. पण ते म्हणायचा अधिकार त्यांचा, शेजारी बसलेल्याचा नव्हे.

तुझे बाबा गेल्यावर मी माळ घेऊन बसायचे, मन लागायचं नाही. समोरच्या काकूंनी टाटा इस्पितळाबाहेर पोळीभाजी वाटायला ओढून नेलं. तिथे फुटपाथवर कुठून कुठून आलेली माणसं पथारी टाकून असतात. एका बाईने कागद पुढे करून विचारलं, ही खिडकी कुठे? मी नुसती तिच्यासोबत गेले. त्या संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे काही मागायचं सुचलंच नाही. आपल्या डोक्यावर छप्पर आहे, पंखा आहे, एवढंच मनात आलं. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं दुःख हलकं करून घेणं मला अजून खटकतं. पण त्या बाईला खिडकी सापडली, हे खरं.

दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा तुला ठाऊक आहे, असल्याच पेशंटांची माणसं तिथे उतरतात. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. हा क्रम उलटा असता तर कीर्तनाला कोणी बसलं नसतं, असं मला आपलं वाटतं.

तुला आत्ता देव नको असेल तर नको. तरी गुरुवारी ये. पोळ्या मी करते, पण डबे घेऊन जिना उतरणं आता मला झेपत नाही, आणि लिफ्ट पुन्हा बंद आहे. शिवाय तुझं हिंदी माझ्यापेक्षा बरं. त्या लोकांना माझं निम्मं कळत नाही. विरारहून लवकरची गाडी पकड. उशीर केलास तर भाजी गार होईल आणि मी बोलत बसेन.

तुझी,
आई